पाहुण्याचा परवाना

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. संध्याकाळी ओसरीवर मुलांच्या वह्या तपासीत बसलो होतो, तोच आमच्या गावचा एक टेंपोवाला आला आणि काही न बोलता पायरीवर टेकला. हा माणूस एरवी भारी बोलका. रात्री भाजीचा टेंपो घेऊन खंबाटकीचा घाट ओलांडायचा, पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात माल उतरवायचा आणि दुपारी परत येऊन वाटेतल्या गमती साऱ्या आळीला ऐकवायच्या, हा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. त्या दिवशी मात्र त्याने चहालाही हात लावला नाही.

"गुरुजी, पोरीला नापास केलं तिकडं."

"कशात?"

"गाडी चालवण्यात!"

असे म्हणून तो माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला, की जणू नापास करणारा मास्तर मीच.

ही मुलगी माझ्याच वर्गातून गेलेली. पुढे तिने शुश्रूषेचे शिक्षण घेतले, जपानी भाषेची परीक्षा दिली आणि 2024 साली जपानला गेली. टोकियोच्या उत्तरेला, भातशेतीच्या मुलखात, वृद्धांच्या एका केंद्रात तिला काम मिळाले. तिकडे अशा केंद्रांत म्हाताऱ्या माणसांना सकाळी घरून गाडीने आणतात. आंघोळ, जेवण, व्यायाम झाला की संध्याकाळी पुन्हा घरी पोचवतात. त्यासाठी वेगळा ड्रायव्हर सगळीकडे नसतो. आजीबाईंना जी आंघोळ घालते, तीच पुष्कळदा त्यांना घरीही सोडते. पोरीने बापाच्या टेंपोवर हात बसवलेला, आपल्याकडचा पक्का परवाना खिशात. जाताना इथून आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका करून नेली होती. तिच्यावर तिने वर्षभर तिथल्या रस्त्यांवर गाडी चालवली, कुठे ओरखडा उठू दिला नाही. वर्ष संपले आणि गाडी बंद. स्थानिक परवान्यासाठी परीक्षेला बसली, तर नापास! गाडीचे काम गेले आणि त्याबरोबर वरचे चार पैसेही गेले.

"वरीसभर चालवली तवा येत हुती, आन् आता येत न्हाई? एका रात्रीत इसरली व्हय?"

बापाच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर, सुट्टीत कादंबऱ्या लिहिणारा. इतिहास हा काही माझा प्रांत नव्हे. पण तो प्रश्न मला सोडीना. त्याचे उत्तर हुडकता हुडकता मी जपान सोडून थेट मोटारीच्या जन्मापर्यंत जाऊन पोचलो.

मोटारीचा पहिला परवाना कोणाला मिळाला? तर ज्याने ती बनवली त्यालाच. 1888 च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझ याने बाडेनच्या सरकारकडून आपली गाडी रस्त्यावर चालवण्याची लेखी परवानगी घेतली. गंमत पाहा, त्याच महिन्यात त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न विचारता, तीच गाडी मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्टझाइमला घेऊन गेली. शंभरेक किलोमीटरची वाट! जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला, आणि परवानगी होती ती नवऱ्याच्या नावावर.

पुढे प्रत्येक देशाने आपापल्या मगदुराप्रमाणे नियम केले. पॅरिसच्या पोलिसांनी 1893 मध्ये चालकाकडे लायकीचा दाखला मागायला सुरुवात केली. प्रशियाने 1903 मध्ये परीक्षा सक्तीची केली. इंग्रजांचा कारभार निराळा. तिथे 1904 पासून परवाना लागू झाला, पण परीक्षा नाही. पाच शिलिंग मोजा आणि परवाना घ्या. परीक्षा सक्तीची व्हायला त्यांच्याकडे 1935 साल उजाडावे लागले. आपल्याकडे मोटारीचा कायदा आला 1914 मध्ये. म्हणजे प्रशियातला माणूस परीक्षा देऊन चालक झालेला, आणि लंडनचा साहेब पाच शिलिंग देऊन. दोघांच्या हातात परवानाच. एकाने दुसऱ्याच्या कागदावर विश्वास ठेवावा तरी कसा?

पण विश्वास ठेवणे तर भाग होते, कारण मोटारी सरहद्दी ओलांडू लागल्या होत्या. त्या काळी मोटारीतून परदेशी कोण जात असे? हौशी, श्रीमंत लोक. पॅरिसहून निघावे, आल्प्स पाहावेत, इटलीत उन्ह खावे आणि घरी परतावे. प्रत्येक नाक्यावर यांना अडवून परीक्षा कोण घेणार? म्हणून 11 ऑक्टोबर 1909 रोजी पॅरिसला एक करार झाला आणि देशोदेशी चालेल असा एक वर्ष मुदतीचा दाखला निघाला. 1926 मध्ये तो करार सुधारला गेला. दुसरे महायुद्ध आटोपल्यावर, 19 सप्टेंबर 1949 रोजी, जिनिव्हाला नवा करार झाला. आपला देश त्यात 1962 मध्ये सामील झाला आणि जपान 1964 मध्ये. टोकियोचे ऑलिंपिक तेव्हा दोन महिन्यांवर आले होते. पोरीने नेलेली पुस्तिका ही याच जिनिव्हाच्या कराराची लेक.

आणि टेंपोवाल्याच्या प्रश्नाचे उत्तरही त्याच करारात, अगदी पहिल्याच कलमात सापडले. जो चालक एखाद्या देशात सलग एक वर्षाहून अधिक राहिला, त्याला या कराराच्या सवलती देण्याचे बंधन त्या देशावर नाही, असे ते कलम सांगते. म्हणजे हा सारा विश्वास पाहुण्यासाठी होता. आपल्याकडे पाहुणा तिसऱ्या दिवशी जड होतो म्हणतात. जिनिव्हाच्या मंडळींनी उदार मनाने वर्षाची मुदत दिली एवढेच. आल्प्स पाहून परतणाऱ्याला ती पुरली. पण पोटासाठी जाऊन राहणाऱ्या माणसाचा विचार त्या कागदात नाही. तो पाहुणा असतो तोवर कुशल चालक. घरचा झाला की शिकाऊ!

हे मी टेंपोवाल्याला समजावून सांगितले. त्याने डोके खाजवले आणि लगेच पळवाट काढली. "मग चार दिस घरी यायचं, नवी पुस्तिका घ्यायची, की पुन्हा पाव्हणी!" माणूस हुशार. पण जपानी कायदा त्याच्याहून हुशार निघाला. तिथे रहिवासी म्हणून नोंद झालेला माणूस बाहेर जाऊन तीन महिन्यांच्या आत परतला, तर त्याचे वर्ष नव्याने मोजत नाहीत.

याच जिनिव्हाच्या कराराने जपानातल्या एका अख्ख्या बेटाला डावे-उजवे बदलायला लावले, ती हकिकत इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. महायुद्धानंतर ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होते आणि गाड्या अमेरिकी रिवाजाप्रमाणे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत. 15 मे 1972 रोजी ते जपानला परत मिळाले. बाकीचा जपान डावीकडून चालणारा, आणि करार म्हणतो की एका देशातल्या सगळ्या रस्त्यांवर बाजू एकच असली पाहिजे. 29 जुलै 1978 च्या रात्री दहा वाजता बेटावरची वाहतूक थांबवली. रातोरात पाट्या बदलल्या, आणि 30 जुलैला सकाळी सहा वाजता ओकिनावा डावीकडून चालू लागले. बसगाड्यांची दारे भलत्या बाजूला आली म्हणून नव्या बसगाड्या आणाव्या लागल्या. त्या दिवसाला तिकडे तारखेवरून 'सात-तीन-शून्य' म्हणतात. त्या सकाळी बेटावरचा प्रत्येक चालक आपल्याच रस्त्यावर परका झाला होता. पण त्यांचे परवाने कोणी परत मागितले नाहीत. ते घरचे होते.

परक्यांतही प्रतवारी आहेच. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया अशा काही देशांचा परवाना असला, तर जपानात परीक्षेवाचून तो बदलून मिळतो. जर्मन माणूस जन्मभर उजवीकडून गाडी चालवतो, तरी त्याला परीक्षा नाही. आपण डावीकडून चालवतो, जपानीही डावीकडूनच, तरी परीक्षा आपल्याला! हे मी टेंपोवाल्याला अजून सांगितलेले नाही.

मलाही राग आला होता. पण मग माझा स्वतःचा परवाना आठवला. स्कूटरवरून मी आठाचा अर्धाच आकडा काढला होता, तोच साहेबांनी फायलीतून मान वर न करता "झालं, जा" म्हटले. एवढ्यावर मी सरकारच्या लेखी तरबेज चालक झालो. अशा कागदाकडे दुसऱ्या देशाने जरा संशयाने पाहिले, तर त्याला दोष कसा द्यावा?

त्यातून 2025 साल तिथे वाईट उगवले. मे महिन्यात सायतामा प्रांतातल्या मिसातो गावी शाळा सुटून घरी चाललेल्या मुलांच्या घोळक्यात एक मोटार घुसली. चार मुले जखमी झाली आणि चालक न थांबता पळाला. तो परदेशी होता आणि आपला परवाना त्याने जपानात बदलून घेतला होता. एवढे वाचले आणि मी पेपर खाली ठेवला. आमचीही मुले शाळा सुटली की हमरस्त्याच्या कडेनेच घरी जातात. शेवटचे पोर वळणाआड होईपर्यंत मी फाटकाशी उभा असतो.

1 ऑक्टोबर 2025 पासून जपानने नियम आवळले. पूर्वी लेखी परीक्षेत दहा प्रश्न असत आणि सात बरोबर आले की पुरे. आता पन्नास प्रश्न आणि पंचेचाळीस बरोबर हवेत. नुसत्या सहलीला आलेल्यांना परवाना बदलून मिळणे बंद झाले. रहिवासाचा दाखला लागतो. गाडी चालवण्याची परीक्षाही कडक केली. आमची पोर नेमकी या नव्या नियमांत सापडली.

लेखी परीक्षा ती पास झाली. अडली ती मैदानात. केंद्राच्या आवारातच आखलेले रस्ते, त्यात नागमोडी वळण, काटकोनी वळणांची अरुंद वाट. शंभर गुण हाती घेऊन सुरुवात करायची, चुकीसरशी ते कापले जाणार आणि शेवटी सत्तर उरले पाहिजेत. आधी गाडीभोवती फिरून खाली वाकून पाहायचे, वळताना नुसत्या आरशावर न विसंबता मान मागे वळवायची. पहिल्या खेपेला ती नापास झाली ती थांब्याच्या रेषेवर. मी फोनवर विचारले, "थांबली नाहीस का?"

"थांबल्यासारखी केली, गुरुजी."

चाक पुरते थांबलेच पाहिजे हा तिथला नियम. आमच्या घाटात असे कोणी थांबले तर मागचा ट्रकवाला त्याच्या सात पिढ्या उद्धरील. दुसऱ्या खेपेला त्या काटकोनी वाटेत मागचे चाक काठावर चढले. मग तिने त्या रस्त्यांचा नकाशा पाठ केला. सुट्टीच्या दिवशी एका मोकळ्या जागेत खडूने तशाच रेघा आखल्या आणि पावले मोजीत त्यांवरून पायी चालली. फाल्गुनात तिसऱ्या खेपेला पास झाली. पहिल्याच दिवशी तीन आजीबाईंना तिने घरी पोचवले.

उन्हाळ्यात ती रजेवर आली. मुदत संपलेली ती आंतरराष्ट्रीय पुस्तिका तिच्या आईने फडताळात रेशनकार्डाशेजारी ठेवली आहे. एके दिवशी बापाने मोठ्या हौसेने टेंपोची किल्ली तिच्या हाती दिली, मलाही शेजारी बसवले, आणि आम्ही तालुक्याच्या गावी निघालो. हमरस्त्याच्या फाट्यावर तिने टेंपो थांबवला. चाके पुरती थांबली. रस्ता मोकळा होता. मागून एस.टी.चा हॉर्न सुरू झाला, त्यामागे एक ट्रॅक्टर.

"अगं, हाण की पुढं!" बाप ओरडला.

पोरीने उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, मान वळवून मागे पाहिले, आणि मग सावकाश गिअर टाकला.