खांदेरी किती लांब?

महाराष्ट्राच्या कोऱ्या नकाशात खांदेरी दाखवायला सांगितलं, तर पेन्सिलीचा ठिपका मुंबईलाच चिकटतो. मग ते बेट महत्त्वाचं का, हे पाठ करावं लागतं.

त्याऐवजी वर्गात गूगल अर्थ उघडा. मोजपट्टीचं एक टोक मुंबईतल्या कुलाब्याच्या दक्षिण टोकावर ठेवा, दुसरं थळसमोरच्या खांदेरीवर. अंतर साधारण 20 किलोमीटर. ऑगस्ट 1679 मध्ये, भर पावसाळ्यात, शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारींना या बेटावर तटबंदी बांधायला पाठवलं. बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला उभा राहतोय म्हटल्यावर मुंबईतले इंग्रज का धास्तावले, हे आठवीतली मुलंही स्क्रीनकडे पाहून सांगतील.

पण पुढे हाच नकाशा फसवतो. त्यात समुद्र सगळीकडे सारखाच निळा दिसतो. इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. 18 ऑक्टोबरला मोठी चकमक झाली आणि ‘रिव्हेंज’ या लढाऊ जहाजाच्या तोफांपुढे दौलतखानाच्या आरमाराला मागे फिरावं लागलं. तरीही बेटावर रसद पोचतच राहिली. ती कशी, हे त्या निळ्या रंगातून कळत नाही. मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून, रात्री, वल्ह्यांवर निसटायच्या. मोठी जहाजं वाऱ्याची वाट पाहत राहायची.

म्हणून दुसरा थर हवा. जुन्या सागरी नकाशांवर पाण्याची खोली वावांत लिहिलेली असते. असा नकाशा संगणकावरच्या गूगल अर्थवर अंथरता येतो. खडक, किल्ल्यांचे बुरूज अशा न हललेल्या खुणा जुळवत बसायचं. काही जुळतात, काही जुळत नाहीत. मग किनारा सरकला की नकाशा काढणारा चुकला? या प्रश्नावर वर्ग भांडला, तर शिक्षकांनी घंटा झाली तरी थांबवू नये.

तिसरा थर भरती-ओहोटीचा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची वेगवेगळ्या तारखांची उपग्रहचित्रं पाहा: कधी किल्ल्यापर्यंत वाळू, कधी मध्ये पाणी. दोन्ही खरी. इथे कोळीवाड्यातलं गणित कामाला येतं: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला 3 वाजता पाणी पूर्ण भरतं, 9 च्या सुमारास ओसरतं. अलिबाग-मुरुडकडच्या वर्गात हे आजोबांकडून शिकलेलं एखादं पोर सहज सापडेल. त्या तासाला फळ्याजवळ त्याला उभं करावं; एरवी घरची ही विद्या शाळेत कुणी विचारत नाही.

आता हेच गणित खांदेरीच्या लढाईला लावा. 18 ऑक्टोबर ही इंग्रजी कागदांतली तारीख आहे आणि इंग्रज 1752 पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना वापरत. म्हणजे आजच्या हिशेबानं 28 ऑक्टोबर. हे 10 दिवस मिळवायला विसरलात, तर तुमच्या नकाशावर पौर्णिमेच्या तोंडचं उधाण येतं. मिळवलेत, तर वद्य नवमीच्या आसपासची तिथी निघते: भांगाचं पाणी, आणि भरती सकाळी पावणेसातच्या सुमारास.