खून, हत्या की वध?

सांगलीच्या विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेजजवळच्या टपरीवर शेजारचे आजोबा म्हणाले, "अंधश्रद्धा निर्मूलनवाले नरेंद्र दाभोलकर इथेच शिकले. त्यांचा खून झाला." हातातला कप तसाच राहिला. मी संपादित करत असलेल्या कोशातल्या या घटनेच्या नोंदीला शीर्षक काय द्यावं?

'खून' फारसी, मूळ अर्थ नुसतं रक्त. हिंदीत 'खून देना' हे पुण्यकर्म, मराठीत आला तो थेट गुन्हा होऊन. 'हत्या' 'हन्' धातूची. पाणिनीच्या हिशेबानं ती एकटी येत नाही. ब्रह्महत्या, गोहत्या अशी कुणाच्या तरी पाठीमागेच. मराठीनं तिला मोकळं सोडलं. 'वध' भलताच दुतोंडी: अफजलखानाचा झाला की पराक्रम, आणि कायद्यात 'सदोष मनुष्यवध' म्हणजे खुनाच्या पायरीपर्यंत न पोचलेलाही गुन्हा.

खून कोर्टात शाबीत करावा लागतो. निकाल येईपर्यंत शीर्षकात 'हत्या' बरी. माणसाला मारलं, एवढंच ती सांगते. दाभोलकरांवर २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात गोळ्या झाडल्या, निकाल १० मे २०२४ला लागला: दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. तोवर पाचही जण 'आरोपी'च. आरोप म्हणजे रोवणं, वृक्षारोपणातलंच. रोवलेलं रुजलं का, हे संपादकानं आधीच लिहू नये.

आजोबा म्हणाले, "मग सरळ 'मृत्यू' लिहा की!"

मृत्यू होतो, कुणी करत नाही. इथं तर मोटरसायकलवरून दोघे आले होते.