संकरित मोटार आणि इंधनाचा आकडा

अमेरिकेत नव्या मोटारीवर इंधनखर्चाची चिठ्ठी लावण्याची प्रथा १९७०च्या दशकातील तेलटंचाईच्या काळात रूढ झाली. तीवरील आकडा प्रयोगशाळेत निघे. शहरी चाचणी मुळात लॉस एंजलिसच्या रहदारीवरून, तीही धुराच्या मापनाकरिता, बेतलेली होती. हमरस्त्याच्या चाचणीत वेग ताशी ६० मैलांपलीकडे जात नसे आणि वातानुकूलन बंद असे. १९८५पासून आकड्यांत ठराविक कपात होऊ लागली. पण पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणारी संकरित मोटार तेव्हा बाजारात नव्हती.

२००४च्या टोयोटा प्रियसचा एकत्रित आकडा गॅलनमागे ५५ मैल होता. अनेक मालकांस तो रस्त्यावर मिळेना. मोटार थांबताच इंजिन बंद होणे, ही या वाहनाची मोठी बचत. कडक थंडीत ते गरम राखण्यासाठी चालूच ठेवावे लागे. २००८च्या मोटारींपासून थंडी, उष्मा व अधिक वेग हिशेबात आले आणि त्याच प्रियसचा आकडा ४६वर उतरला.

नऊ मैलांची ही तूट डोळ्यांत भरली. भागाकार मात्र फारसा कोणी केला नसावा. शंभर मैलांस इंधन १.८ गॅलनवरून २.२ गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे ०.४ गॅलनने वाढले. २४ मैलांवरून २१वर येणाऱ्या साध्या मोटारीस तेवढ्याच अंतरात ०.६ गॅलन जादा लागते. परंतु तीन मैलांसाठी कोण तक्रार करणार?

चिठ्ठीवर शब्द ‘अंदाज’ असाच होता. ग्राहकाने तो वचन म्हणून वाचला. आकड्यांत फरक पडेल, ही तिच्यावरील सावधगिरीची सूचना मात्र अमेरिकन बोलीत मोटारींपलीकडच्या गोष्टींनाही लावली जाऊ लागली.