कुणी लिहून घेतलं म्हणून

सुमारे हजार वर्षांपूर्वी जपानच्या दरबारातल्या मुरासाकी शिकिबूने गेंजीची कथा लिहिली, ती बायकांची समजल्या जाणाऱ्या काना लिपीत. आपल्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखच नव्हती. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून त्यांची गाणी उरली. १९५१ साली त्या गेल्या. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. (याच अत्र्यांच्या कन्या शिरीष पै यांनी पुढे जपानी हायकू मराठीत रुजवला!)

मालवणात चवथीच्या फुगड्यांना आपल्या आया-आज्या ऐनवेळी जोडून म्हणत ती गाणी कुणी टिपली? आईची बावीस गाणी मी मोबाइलवर रेकॉर्ड करून टाइप केली आहेत. काही मालवणी शब्दांपाशी अडले आहे. गुरुजनहो, मित्रमैत्रिणींनो, अर्थ सांगा. आणि तुमच्या घरची गाणीही पाठवा.