लामगावची तालीम आणि दोन महायुद्धांमधले सूर

चवथ आली की आमच्या घराघरांत माटोळी बांधली जाते, घुमट-शामेळाच्या साथीने आरत्या रंगतात आणि 'गाणे गोमंतकीयांच्या रक्तातच आहे' हे वाक्य एकदा तरी कानांवर पडते. अभिमान रास्तच आहे. पण गाणे कोणी शिकवले, कोणी कष्टाने कमावले आणि त्यासाठी कोणाला गाव सोडावे लागले, हेही सणाच्या निमित्ताने आठवायला हवे. म्हणून पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांच्या मधल्या, म्हणजे १९१८ ते १९३९ या काळाकडे आम्ही वळतो आहोत.

डिचोली, पेडणे, सत्तरी हे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. जुन्या काबिजादींत देवळांचा विध्वंस झाला, तेव्हा हा मुलूख त्यांच्या हाती नव्हता. दिवाडीहून हलवलेल्या सप्तकोटेश्वराला नार्व्यात आसरा मिळाला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देवळे टिकली म्हणून उत्सव टिकले, आणि उत्सवांबरोबर कीर्तन, गायन, मराठी नाटक टिकले.

या परंपरेत आमच्या डिचोलीचा एक धागा आहे. सावंतवाडी संस्थानातल्या वझरे गावचे रामकृष्णबुवा वझे गोव्यात येत, तेव्हा त्यांचा मुक्काम लामगावी होई. तेथे त्यांच्याकडे शिकणाऱ्यांत केरीची एक मुलगी होती. १८९२ मध्ये जन्मलेली ही मुलगी म्हणजे केसरबाई केरकर. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्या मुंबईला गेल्या. बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले अशा गुरूंकडे थोडे थोडे शिकून झाल्यावर १९२१ मध्ये त्यांनी उस्ताद अल्लादिया खाँ यांचा गंडा बांधला. तेव्हा त्या नावारूपाला येऊ लागलेल्या गायिका होत्या. तरी पुन्हा शिष्या होऊन बसल्या आणि खाँसाहेबांच्या निधनापर्यंत, १९४६ पर्यंत, शिकत राहिल्या. त्यांना 'सूरश्री' ही पदवीही मिळाली.

त्याच वझेबुवांचा सूर दुसऱ्या वाटेनेही पोचला. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर यांनी १९१८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बलवंत संगीत मंडळी काढली. वीर वामनराव जोशी यांचे 'रणदुंदुभी' आणि १९३१ मधले सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' ही त्यांची गाजलेली नाटके. दोन्हींचे संगीत वझेबुवांचे. पण १९३१ मध्येच 'आलम आरा'ने बोलपट आणला आणि नाटक कंपन्यांचा पाया डळमळला. बलवंत मंडळीही चित्रपटाकडे वळली, कर्जात बुडाली. १९४२ मध्ये दीनानाथ गेले तेव्हा ते अवघे एकेचाळीस वर्षांचे होते.

कुर्डी गावच्या मोगूबाईंची वाट तर आणखी खडतर. जन्म १९०४ चा. लहानपणीच नाटक मंडळीत पाऊल टाकले आणि आईचे छत्रही लवकर हरपले. अल्लादिया खाँ यांची तालीम मिळाली, मध्ये तुटली; त्यांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिकून त्या पुन्हा खाँसाहेबांपाशी आल्या. पेडण्यातल्या मालप्याचे नाव लावणाऱ्या अंजनीबाई मालपेकर भेंडीबाजार घराण्याच्या. त्यांनी १९२० नंतरच्या दशकात मैफली थांबवून विद्यादान पत्करले; पुढे कुमार गंधर्वांनाही त्यांचे मार्गदर्शन लाभले. ख्रिस्ती बांधवांची मुले चर्चच्या शाळांत व्हायोलिन व स्वरलेखन शिकली आणि मुंबईच्या बँडांत, पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरली. धर्म वेगळा, वाद्ये वेगळी. मुंबईची वाट मात्र एकच.

याच वर्षांत युरोपच्या उत्तरेकडचे छोटे देश काय करीत होते, ते पाहण्यासारखे आहे. फिनलंड १९१७ मध्ये स्वतंत्र झाला. त्याच्या सिबेलियस या संगीतकाराला त्याआधीपासूनच सरकारी वर्षासन होते. १९२६ च्या 'तापिओला'नंतर त्याच्याकडून मोठी रचना जवळजवळ आली नाही, तरी देशाने त्याचा मान राखला. डेन्मार्कचा कार्ल निल्सन हा खेड्यातल्या रंगाऱ्याचा मुलगा. वडील गावच्या समारंभांत वाजवीत, मुलगाही त्यांच्याबरोबर वाजवी. तोच मुलगा १९३१ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, कोपनहेगनच्या संगीत विद्यालयाचा प्रमुख झाला.

आमच्याकडे देवळात गाणाऱ्या आईच्या मुलीला असा मान मिळाला का? उत्सवात तिचे गाणे हवे असे, पण पंगतीत तिला जागा नसे. कलावंत समाजातल्या या स्त्रियांना घरभाडे, साथीदारांचा खर्च आणि गुरूची बिदागी यांची तजवीज परक्या शहरात स्वतःच करावी लागली. त्यांचे घराणे श्रीमंत झाले, ते त्यांच्या हिमतीवर. पुढे गौरव आले: केसरबाईंना १९६९ मध्ये, मोगूबाईंना १९७४ मध्ये पद्मभूषण. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील तबकडीत केसरबाईंची भैरवी अंतराळात गेली. त्याच सप्टेंबरात त्यांनी देह ठेवला. मोगूबाईंचे कुर्डी मात्र साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावाचे अवशेष तेवढे वर येतात.

गाव बुडाले तर उन्हाळ्यात दिसते. नावे बुडाली तर दिसत नाहीत. मोठ्या गायिकांची नावे उरली, पण त्यांच्यामागे तबला, सारंगी, पेटी वाजवणारे, देवळात चौघडा झडवणारे, उत्सवी नाटकांत पदे म्हणणारे अनेक जण आमच्याच वाड्यांवरचे होते. यंदा आरतीला जमलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ही नावे विचारावीत, घरात जुन्या तबकड्या, नाटकांच्या जाहिराती, वह्या असतील तर त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत, आणि मिळालेले नाव, मग ते कोणत्याही समाजाचे असो, पुढच्या स्मरणिकेत छापावे. विद्येची देवता घरी आली असताना एवढे ऋण तरी आम्ही मान्य करायलाच हवे.