दामदुपट आणि व्याजाचे मुद्दल

व्याज किती घ्यावे, याविषयी आपल्या जुन्या शास्त्रकारांचा हात मुळीच आखडलेला नव्हता. मनुस्मृतीने महिना शेकडा दोनपासून पाचपर्यंत दर सांगितले आहेत, आणि तेही वर्ण जसजसा खालचा तसतसे चढते. म्हणजे ज्याची ऐपत सर्वांत कमी, त्याला व्याज सर्वांत जड. याचे समर्थन आज कोणी करू नये. परंतु त्याच आठव्या अध्यायात दुसरा एक नियम आहे, तो मात्र लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. एकदम वसूल करावयाची रक्कम व्याजासकट मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाता कामा नये. धान्य, लोकर, ओझ्याची जनावरे यांना पाचपटीपर्यंत मुभा आहे, पैशाला नाही. हीच दामदुपट. हल्ली ठेवींच्या जाहिरातींत 'दामदुप्पट' हा शब्द आमिष म्हणून आलेला आपण वाचतो; मूळचा तो सावकाराला घातलेला लगाम होता.

हा लगाम आपल्याकडे बराच काळ टिकला. १८५५ साली इंग्रज सरकारने व्याजाच्या दरावरील कायदेशीर मर्यादा काढून टाकल्या. तरी मुंबईच्या न्यायालयांनी हिंदू ऋणकोच्या बाबतीत दामदुपटीचा नियम चालूच ठेवला. मग असे असता १८७५ च्या मे महिन्यात पुणे आणि नगर जिल्ह्यांतील कुणबी खते जाळावयास का निघाला, असा प्रश्न कोणी विचारील. लगाम जागेवर होता आणि तरीही घोडा उधळला, हे कसे?

त्याचे उत्तर एका भल्या हेतूने केलेल्या कायद्यात आहे. १८५९ साली मुदतीचा कायदा झाला. नोंदणी न केलेल्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही, तर ते खत बुडाले, असा त्याचा आशय. जुनी, कुजलेली खते आज्याच्या नावावरून नातवाच्या अंगावर येऊ नयेत, हा त्यातला उद्देश; म्हणजे कायदा ऋणकोच्याच सोयीचा. पण सावकाराने त्यातून सरळ वाट काढली. तिसरे वर्ष संपत आले की तो कुळाला बोलावी. दावा लावू की नवे खत लिहून देतोस? कूळ अर्थात अंगठा उठवी. नव्या खतात जुने मुद्दल आणि तीन वर्षांचे व्याज यांची बेरीज होई, आणि त्या बेरजेला नाव पडे मुद्दल.

याचा हिशेब करून पाहा. शंभर रुपये, दर साल शेकडा चोवीस. सरळ व्याजाने चार वर्षे दोन महिन्यांत व्याज शंभराला पोचते आणि दामदुपट म्हणते, येथे थांबा; दोनशेच्या वर एक पैही नाही. आता तीन वर्षांनी खत बदला. १७२ रुपयांचे नवे मुद्दल. आणखी तीन वर्षांनी २९६. नवव्या वर्षी ५०९. प्रत्येक खत एकेकटे पाहिले तर त्यात दामदुपटीचा भंग कोठेच नाही! न्यायाधीशापुढे शेवटचे खत येई; त्याखाली अंगठा असे; आणि कागदाच्या मागे जाण्याची न्यायालयांची रीत नव्हती. दर जबर होता हे खरे. पण कुणब्याला बुडविले ते दराने जितके, तितकेच व्याजाचे मुद्दल करण्याच्या या युक्तीने.

बाकीची कारणे आपणांस ठाऊक आहेत. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले, पत वाढली, कर्ज सैल हाताने मिळू लागले. युद्ध संपले आणि भाव कोसळले. त्यात सारावाढ आली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा सुरू झाला आणि तो पसरत गेला. चौकशी मंडळाला एक गोष्ट विशेष जाणवली: रक्तपात फारसा नव्हता, जमावाचे मागणे बहुतेक ठिकाणी खतांचे होते. खते मिळाली की ती जाळीत. सतराव्या शतकात देहूला तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली अशी परंपरा सांगते. पण ती घेणेकऱ्याने आपण होऊन बुडविलेली. सुप्याची देणेकऱ्याने जाळली. कागद गेला तर कर्ज जाईल, हा त्याचा समज भाबडा म्हणा हवा तर, पण कर्ज कागदातच वाढत होते हे त्याने बरोबर ओळखले होते.

या दंग्यांतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा निघाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे चार जिल्हे त्याचे क्षेत्र. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखालील कामात काही वर्षे घालविली. कर्जासाठी कैद त्याने बंद केली, हप्ते बांधून देण्याची सोय केली, पावती आणि पासबुक देणे सावकारावर बंधनकारक केले. पण माझ्या मते त्याचा प्राण निराळ्याच कलमांत आहे. न्यायाधीशाने खतावर न थांबता व्यवहाराचा इतिहास पहिल्या रुपयापासून तपासावा. मुद्दलाचे खाते वेगळे मांडावे, व्याजाचे वेगळे. साचलेले व्याज मुद्दलात मिळवू नये. आणि एका वेळी व्याज मुद्दलाहून अधिक देववू नये. कायदा निर्दोष नव्हता. सावकार कर्जखताऐवजी जमिनीचे खरेदीखतच लिहून घेऊ लागले, ही त्याची दुसरी बाजू. असो.

१९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यातही दामदुपट आली. पण बँकांचे कर्ज त्यातून वगळलेले होते. त्या वेळी कोणाला ते खटकले नसावे. सामान्य गृहस्थ बँकेकडे उसने मागावयास जातच कोठे होता? पुढे १९८० मध्ये सेंट्रल बँकेने क्रेडिट कार्ड आणले. १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात २१-अ हे कलम पडले: व्याज अवाजवी आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाने बँकेचा व्यवहार पुन्हा उघडू नये. १८७९ ने जे दार उघडले होते, ते बँकेपुरते बंद झाले.

आता कार्डाचे बिल घ्या. महिना साडेतीन टक्के व्याज, आणि तळाशी 'किमान देय' म्हणून बाकीच्या पाच टक्के, असे समजू. एक लाख बाकी आहे, नवी खरेदी बंद केली आहे, आणि गृहस्थ नेमाने किमान तेवढे भरतो. वर्षअखेर त्याने सुमारे ५६,७०० रुपये भरलेले असतात आणि बाकी उरते ८१,६५० च्या आसपास. असेच चालू ठेवले तर बाकी निम्मी व्हावयास साडेतीन वर्षे लागतील, आणि अखेरपर्यंत गेलेले एकूण व्याज दोन लाखांवर जाईल. खत बदलण्यासाठी तीन वर्षे थांबावयास नको. ते दर महिन्याला, अंगठ्यावाचून बदलते. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. दामदुपट असती तरी ती या गृहस्थाच्या कामी आली नसती; कारण ती एका वेळच्या थकबाकीवर बसते, वेळोवेळी भरलेले व्याज ती मोजीत नाही.

२००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने कार्डावर सालिना तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे अनुचित ठरविले; डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मधल्या काळात, २०२२ च्या आदेशांत, रिझर्व्ह बँकेने सांगितले की किमान देय असे ठरवावे की बाकी वाढत जाऊ नये, आणि केवळ तेवढेच भरल्यास फेड वर्षानुवर्षे लांबेल अशी सूचना बिलावर छापावी.

त्याच लाखावर, त्याच दराने, किमान देय हा आकडा बाजूस ठेवून दरमहा नेमके दहा हजार भरले, तर कर्ज तेराव्या महिन्यात संपते आणि एकूण सव्वा लाख जातात. किमान देयाच्या वाटेने पहिल्या महिन्यात ५,१७५ भरावे लागतात, आणि पुढे दर महिन्याला त्याहून थोडे कमी.