पिष्ट, कोंडा आणि बेरीबेरी : ब१ जीवनसत्त्वाच्या शोधाचा एक उपेक्षित टप्पा

जीवनसत्त्वांच्या इतिहासात बेरीबेरीचे प्रकरण बहुधा आइकमानच्या कोंबड्यांपासून सुरू होते आणि तेथेच आटोपते. वास्तविक ज्या कल्पनेमुळे या प्रयोगांना चिरंतन महत्त्व आले, ती आइकमानची नव्हे.

बेरीबेरीच्या कारणाचा शोध घेण्यासाठी डच सरकारने इ. स. १८८६ मध्ये जे मंडळ जावा बेटावर धाडले, त्यात ख्रिस्तियान आइकमान हा साहाय्यक होता. १८८९ मध्ये बटाव्हियातील प्रयोगशाळेच्या कोंबड्यांना पक्षाघातासारखा विकार जडला आणि काही महिन्यांनी तो आपोआप नाहीसा झाला. चौकशीअंती असे आढळले की, मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातील सडीक तांदळाचा भात घातला जात होता. नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देण्याचे नाकारताच विकार थांबला. फोर्डरमानने जावातील १०१ तुरुंगांची पाहणी करून १८९७ मध्ये मनुष्यांविषयीही तोच निष्कर्ष मांडला : सडीक तांदूळ खाणाऱ्या बंद्यांत ३९ मागे एकास, तर कोंड्यासह तांदूळ खाणाऱ्यांत १०,००० मागे एकास बेरीबेरी.

आइकमानने याचा अर्थ असा लावला की, पिष्टापासून आतड्यात विष उत्पन्न होते आणि कोंड्यात त्यावरील उतारा असतो. जंतुशास्त्राच्या त्या भरभराटीच्या काळात रोगास काहीतरी ‘कारक’ असलाच पाहिजे, ही समजूत सहजी सुटणारी नव्हती. १८९६ मध्ये तो मायदेशी परतल्यावर काम खेरित ग्राइन्सकडे आले. १२० अंशांपर्यंत तापविलेल्या मांसात पिष्ट नसते. तरीही त्यावर पोसलेल्या कोंबड्यांना तोच विकार झाला, आणि मुगाने तो बरा झाला! मग विष कोठले? नैसर्गिक अन्नात काही सहज नाश पावणारे पदार्थ असतात व त्यांच्या अभावी मज्जातंतूंस इजा पोचते, असे ग्राइन्सने १९०१ मध्ये प्रतिपादिले. हे लेखन डच भाषेत व जावातील वैद्यकीय नियतकालिकात झाल्याने युरोपात त्याची दखल उशिरा घेतली गेली. ‘व्हिटॅमीन’ हे नाव फंकने १९१२ मध्ये रूढ केले. १९२९ चे नोबेल पारितोषिक आइकमान व हॉपकिन्स यांना विभागून मिळाले. ग्राइन्सवरील हा अन्याय लहान म्हणता येणार नाही.

रासायनिक बाजू थोडक्यात सांगता येईल. यान्सन व डोनाथ यांनी १९२६ मध्ये तांदळाच्या कोंड्यापासून स्फटिक मिळविले, परंतु त्यांतील गंधक त्यांच्या नजरेतून निसटले. ते विन्डाउसच्या प्रयोगशाळेत १९३२ मध्ये उघडकीस आले. पिरिमिडीन व थायाझोल ही दोन वलये मिथिलीन सेतूने जोडलेली असल्याचे दाखवून विल्यम्सने १९३६ मध्ये संश्लेषण पुरे केले. (भात उकडताना हा जलविद्राव्य पदार्थ दाण्यात आत शिरतो, म्हणून कोकण-गोमंतकातील उकडा तांदूळ सडला तरी तो बऱ्याच अंशी टिकतो.)

मात्र पिष्टाचा संबंध अगदीच निराधार नव्हता. जीवनसत्त्वहीन कबुतरांच्या मेंदूत ग्लुकोजचे विघटन पायरुव्हिक आम्लापाशी अडते, असे ऑक्सफर्डच्या पीटर्सने दाखविले. १९३७ मध्ये लोमान व शुस्टर यांनी पायरुव्हिक आम्लातील कार्बन डायऑक्साइड विलग करणारे सहविकर म्हणजे थायमिनचेच पायरोफॉस्फेट होय, हे सिद्ध केले. आहारात कर्बोदके जितकी अधिक, तितकी थायमिनची गरज अधिक. आणि आइकमानच्या कोंबड्यांच्या आहारात भाताखेरीज दुसरे काही नव्हते.